तीन सामने, तीन गुण, तीन पराभव: लुईव्हिल कार्डिनल्स २०२२-२३

ओहायोकाठ | १६ नोव्हेंबर २०२२

काल रात्री यम सेंटरवरून, म्हणजे लुईव्हिल युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल संघाच्या घरच्या मैदानावरून, घरी आलो, लेकीला झोपवलं आणि तेव्हापासून जागाच आहे. मनातलं कुठेतरी उतरवल्याशिवाय चैन पडणार नाही.

शेवटच्या क्षणी आपला गार्ड एल एलिस बॉल घेऊन आत घुसला, लेअप (जाळीजवळ जाऊन टाकलेला शॉट) टाकला, बॉल जाळीतून खाली आला. पंचांनी बास्केट दिली. आम्ही सगळे उभे. शेजारी बसलेल्या, ओळख ना पाळख अशा एका आजीबाईंनी माझ्या लेकीला कवटाळलं. मग पंच व्हिडिओ बघायला गेले. वेळ संपल्याचा बझर वाजला तेव्हा बॉल अजून एलिसच्या हातातच होता. बास्केट रद्द. अ‍ॅपलॅचियन स्टेट ६१, लुईव्हिल ६०. आजीबाई खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

९ तारखेला बेलरमिनकडून ६७-६६. १२ तारखेला राइट स्टेटकडून ७३-७२, तेही ट्रे कॅल्विनच्या अगदी बझरवरच्या शॉटनं. आणि काल हे. तीन सामने हरलो, मिळून तीन गुणांनी.

जे इथे राहत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. या गावात एनबीएचा (व्यावसायिक बास्केटबॉल) संघ नाही, एनएफएलचा (व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल) नाही. मे महिन्यात डर्बीचे घोडे आणि हिवाळाभर कार्ड्स, म्हणजे आपले कार्डिनल्स. किराणा दुकानात, दवाखान्यात, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी लोक हवामानाआधी कालच्या सामन्याबद्दल बोलतात. मी २००९ साली नोकरीसाठी आलो तेव्हा मला बास्केटबॉल म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं. ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्यानं फ्रीडम हॉलमध्ये नेलं. तो तिथला संघाचा शेवटचा हंगाम. त्या रात्रीनंतर हे गाव माझं झालं. २०१३ साली आपल्या केविन वेअरचा पाय मोडलेला पाहून रडलो, आणि आठ दिवसांनी ल्यूक हॅनकॉकनं अंतिम सामन्यात मिशिगनविरुद्ध एकापाठोपाठ थ्री (तीन गुणांचे शॉट) टाकले तेव्हा नाचलो. २०१८ साली एनसीएएनं (कॉलेजांच्या खेळांची देशातली संस्था) ते विजेतेपदच रद्द केलं. छताखालचा तो बॅनर उतरवला गेला. जे डोळ्यांनी पाहिलं ते कागदावरून पुसलं गेलं. त्यानंतरही आम्ही जात राहिलो.

म्हणून यंदा इतकी आशा होती. ३ नोव्हेंबरला आपल्यावरच्या नियमभंगाच्या चौकशीचा निकाल लागला: पाच हजार डॉलर दंड, दोन वर्षांचं प्रोबेशन, पण स्पर्धांवर बंदी नाही. २०१७ पासून डोक्यावर टांगलेली तलवार गेली. कोच म्हणून केनी पेन आलेला, आपल्या १९८६च्या विजेत्या संघातला मुलगा. आणि मग ही सुरुवात.

खरं तर धोक्याची घंटा आधीच वाजली होती. ३० ऑक्टोबरला मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आटपून फोन उघडला, तर सराव सामन्यात आपण लेनॉर-राइनकडून ५७-४७ हरलेलो. डिव्हिजन टूचं, म्हणजे खालच्या श्रेणीतलं कॉलेज! तेव्हा मनाला समजावलं की सराव सामनाच आहे.

मला प्रामाणिकपणे विचारायचं आहे, हे नशीब आहे की आपण खरंच इतके वाईट आहोत? ज्यांना खेळ माझ्यापेक्षा जास्त कळतो त्यांनी सांगा.

---

नागपाडा_गार्ड | १६ नोव्हेंबर २०२२

दादा, वाईट वाटेल, पण हे नशीब नाही. तिन्ही सामने पूर्ण पाहिले, दुसरा तर दोनदा.

मी मुंबईत नागपाड्याच्या सिमेंटच्या कोर्टवर वाढलो. तिथले आमचे सर पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे: पास दिलास की उभा राहू नकोस, पळ. पास देऊन जागेवर थांबलेला पोरगा त्यांनी बाहेर बसवलेला मी कितीदा पाहिलाय. आता कार्ड्सचा कुठलाही हल्ला लावून बघा. एलिस बॉल आणतो, एक पास होतो, बॉल परत एलिसकडे येतो, आणि बाकीचे चौघं त्याच्याकडे बघत उभे. घड्याळ संपत आलं की तो तीन जणांच्या गर्दीत घुसतो. कधी बास्केट, कधी टर्नओव्हर (बॉल समोरच्याला गमावणं). असिस्टपेक्षा (बास्केट घडवणारे पास) टर्नओव्हर जास्त असलेला संघ शेवटच्या दोन मिनिटांत सामना राखू शकत नाही, कारण तेव्हा समोरचा बचाव आणखी आवळून येतो आणि आपल्याकडे ठरलेली चाल नसते.

यात एलिसचा दोष नाही. तो मुळात स्कोअरर. त्याला पॉइंट गार्डचं, म्हणजे हल्ला रचण्याचं काम करावं लागतंय, कारण संघात दुसरा अनुभवी गार्डच नाही. करीनी, विदर्सनी, ट्रेनरनी, टेनेसीहून आलेल्या हंटली-हॅटफील्डनी संघात गर्दी केली आहे, सगळे उंच, सगळे जाळीजवळ खेळणारे. माइक जेम्स चांगला निघेल, पण त्याचा मागचा अख्खा हंगाम टाचेमागच्या अकिलीसच्या दुखापतीत गेलाय. चार चाकं आहेत, पण स्टिअरिंगवर एकच माणूस, आणि तो चाळीस मिनिटं चालवून दमतो.

उलट बेलरमिन बघा. आपल्या कॅम्पसपासून काही मैलांवर, न्यूबर्ग रोडवरचं छोटंसं कॉलेज. २०२० पर्यंत डिव्हिजन टूमध्ये होतं. त्यांचा कोच स्कॉट डेव्हनपोर्ट एकेकाळी आपल्याच बाकावर सहाय्यक होता. त्यांची पोरं एका हल्ल्यात इतके पास देतात की बचाव करणारा मान वळवून वळवून थकतो, मग कोणीतरी पाठीमागून मोकळा सुटतो आणि सोपा लेअप. आपल्यापेक्षा बुटके, आपल्यापेक्षा हळू, आणि तरी त्यांनी आपल्या घरी येऊन आपल्याला हरवलं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं आणि त्याच वेळी पोटात गोळा आला.

---

हायलँड्सची_सून | १६ नोव्हेंबर २०२२

बेलरमिनबद्दल एक जोडते, कारण आमचं घर त्यांच्या कॅम्पसजवळ आहे. मार्चमध्ये त्यांनी आपल्या लीगची स्पर्धा जिंकली, फ्रीडम हॉलमध्येच, जॅक्सनव्हिलला हरवून. पण डिव्हिजन वनमध्ये नवीन आलेल्यांना तेव्हा चार वर्षं थांबावं लागायचं, त्या नियमामुळे एनसीएए स्पर्धेत जाता आलं नाही. त्या रात्री आमच्या गल्लीत गाड्यांचे हॉर्न उशिरापर्यंत वाजत होते. ती मुलं कार्ड्सना हरवतात तेव्हा मला पूर्ण दुःख करताच येत नाही. तीही आमचीच मुलं.

पण काल मात्र रडू आलं.

---

शहाऐंशीचा_साक्षीदार | १७ नोव्हेंबर २०२२

मंडळी, मी १९८४ साली इथल्या युनिव्हर्सिटीच्या स्पीड स्कूलमध्ये (इंजिनिअरिंग कॉलेज) एमएससाठी आलो. हातात पैसे नव्हते, पण विद्यार्थ्यांचं तिकीट परवडायचं. त्यामुळे फ्रीडम हॉलच्या वरच्या बाकांवरून तेव्हाचा कोच डेनी क्रमचा संघ पाहायला मिळाला. लाल कोट, हातात गुंडाळी केलेला कार्यक्रमाचा कागद, आणि कितीही गुणांनी मागे असलो तरी चेहऱ्यावर आठी नाही.

१९८५चा नोव्हेंबर मला स्पष्ट आठवतो. न्यूयॉर्कला गेलो (म्हणजे संघ गेला, आम्ही होस्टेलच्या खोलीत सात जण एका टीव्हीपुढे) आणि कॅन्ससकडून हरलो, मग सेंट जॉन्सकडून हरलो. लोक तेव्हाही तोंड पाडून बसले होते. क्रम मुद्दाम हंगामाच्या सुरुवातीला तगड्या संघांशी खेळायचा. त्याचं म्हणणं असं की मार्चमध्ये काय करायचं ते नोव्हेंबरच्या माराने कळतं. त्या वर्षी अखेर ३२ विजय आणि ७ पराभव. डॅलसमध्ये अंतिम सामन्यात ड्यूकला ७२-६९ हरवलं आणि पहिल्याच वर्षातला पर्व्हिस एलिसन स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच संघात बाकावर बसलेला एक लांबट, शांत पोरगा म्हणजे आजचा कोच पेन. आणि तेव्हा आपल्याला हरवणाऱ्या कॅन्ससकडून खेळणारा डॅनी मॅनिंग आज पेनच्या शेजारी बसतो, त्याचा सहाय्यक म्हणून. दुसरा सहाय्यक नोलन स्मिथ, १९८०च्या विजेत्या संघातल्या डेरेक स्मिथचा मुलगा.

हे सगळं घरचंच आहे हो. पेन दहा वर्षं केंटकी युनिव्हर्सिटीत कोच कॅलिपॅरीच्या हाताखाली होता, मग एनबीएच्या निक्समध्ये. अँथनी डेव्हिस, बॅम अ‍ॅडेबायो यांच्यासारख्या उंच मुलांना त्यानं घडवलं. त्याला तीन सामन्यांत फासावर चढवू नका. मुख्य कोच म्हणून हा त्याचा पहिलाच हंगाम आहे.

---

नागपाडा_गार्ड | १७ नोव्हेंबर २०२२

काका, तुमच्या आठवणी वाचून अंगावर काटा आला. पण एक नम्रपणे सांगतो. ८५ साली आपण कॅन्ससकडून हरलो होतो. मॅनिंग पुढे एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. तगड्याकडून मार खाऊन शिकणं वेगळं. यंदा ज्यांच्याकडून हरलो त्यांना घरी बोलवताना आपण विजय गृहीत धरला होता.

उंच मुलांना घडवणारा कोच आणि उंच मुलांनी भरलेला संघ, हे जमून आलंय खरं. पण त्यांच्या हातात बॉल पोहोचवणार कोण?

---

निळ्या_गवतातला | १७ नोव्हेंबर २०२२

मी लेक्सिंग्टनचा, केंटकीचा, म्हणजे तुमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा चाहता. इथे डिवचायला आलेलो नाही, आधीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्यावर हेच आलं होतं. २०२०-२१ची सुरुवात १-६. रिचमंडकडून घरात हरलो, नोट्र डेमकडून घरात एका गुणानं हरलो, आणि २६ डिसेंबरला तुमच्याचकडून ६२-५९. कोविडमुळे आमचं रप एरिना जवळजवळ रिकामं. हंगाम संपला तेव्हा ९ विजय, १६ पराभव. केंटकीसारख्या संघाचं असं होऊ शकतं, हे त्याआधी कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. त्या हिवाळ्यात बाबा पुण्याहून फोन करायचे आणि आधी सामन्याचा निकाल विचारायचे, कारण माझ्या आवाजावरून त्यांना कळायचं.

तुम्हाला हरवणं मला आवडतं. पण तुम्ही असे कोलमडलेले असताना ३१ डिसेंबरच्या सामन्याची वाट बघण्यात काही मजा नाही. सावरा लवकर.

---

ओहायोकाठ | १८ नोव्हेंबर २०२२

मित्रा, आभार. पण तुमच्याकडून एक घाव याच आठवड्यात बसलाय, तो लिहितोच. सोमवारी डीजे वॅग्नर या शाळकरी खेळाडूनं कॉलेजसाठी केंटकी निवडलं. त्याचे आजोबा मिल्ट वॅग्नर, ८६च्या विजयाचे शिलेदार, आज आपल्याच संघाच्या कर्मचारीवर्गात आहेत. अख्खा उन्हाळा या गावानं धरून चाललं होतं की नातू आजोबांच्या अंगणात येणार. सोमवारी तो गेला, मंगळवारी ती बास्केट रद्द झाली.

त्या मुलावर राग नाही. सतरा-अठराचं पोर, आपलं भलं बघणार. पण पाच वर्षं चौकशीची टांगती तलवार असलेल्या कॉलेजात चांगली पोरं का आली नाहीत, हे आता समोर दिसतंय. कोच पिटिनो २०१७ साली गेले, मग पॅजेट वर्षभर, मग मॅक, तेही जानेवारीत हंगाम अर्ध्यावर असताना गेले, मग पेग्यूस. जे आज कोर्टवर उतरतात त्यांनी तर यातलं काहीच केलेलं नाही.

---

दादर_ते_डर्बी | २३ नोव्हेंबर २०२२

माउईच्या स्पर्धेतले आपले तिन्ही सामने संपले, तिन्ही हरलो. आर्कान्सॉ ८०-५४, टेक्सस टेक ७०-३८, सिनसिनाटी ८१-६२.

अडतीस. चाळीस मिनिटांच्या सामन्यात अडतीस गुण. मिनिटाला एकही नाही.

उद्या थँक्सगिव्हिंग. माझा मुलगा युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे, घरी आलाय. रात्री सामना संपला तेव्हा तो टीव्ही बंद न करता तसाच बसून राहिला. मी पुरणपोळीचा घाट घातला होता, त्याला आवडते म्हणून. एकच खाल्ली. म्हणाला, "आई, एका गुणानं हरत होतो तेव्हा बरं होतं." मला त्याला काय सांगावं कळेना. मी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि आत गेले.

---

नागपाडा_गार्ड | २४ नोव्हेंबर २०२२

ताई, तुमच्या मुलानं नेमकं ओळखलंय. पहिल्या तीन सामन्यांत पोरं हरत होती, पण लढत होती. माउईत मला पहिल्यांदा खांदे पडलेले दिसले. टेक्सस टेकसमोर दुसऱ्या अर्ध्यात बचावासाठी परत पळणंच बंद झालं. कौशल्य एका रात्रीत येत नाही हे मान्य, पण परत पळायला कौशल्य लागत नाही. हे मात्र कोचच्या खात्यात जातं. काका, इथे मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही.

---

शहाऐंशीचा_साक्षीदार | २५ नोव्हेंबर २०२२

बरोबर आहे तुझं. त्या सामन्यानंतर मीही गप्प बसलो होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. धीर धरा हे माझं म्हणणं अजून तेच आहे, पण पोरं पळत नसतील तर मलाही ते बघवत नाही. क्रमच्या संघात हरणारे होते, चालत परतणारा कुणी नव्हता.

---

हायलँड्सची_सून | ५ डिसेंबर २०२२

मेरीलँड ७९-५४. काल मायामी ८०-५३. दोन्ही घरच्या मैदानावर, दोन्हीकडे पंचवीस किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक बघता बघता झाला. आता ०-८.

मी दोन्ही सामन्यांना होते. बावीस हजारांचं यम सेंटर. वरच्या मजल्यावर लाल खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या. खुर्च्याही लालच असल्यामुळे टीव्हीवर ते तितकं जाणवत नाही, आत बसलं की जाणवतं. कोर्टवर बुटांचा करकराट वरपर्यंत ऐकू येतो. या इमारतीत तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

एक विनंती करते. लोक एलिसला, विदर्सला नावानिशी नको ते बोलायला लागलेत. माझ्या मागच्या रांगेतला एक माणूस अख्खा सामना एका मुलाला शिव्या घालत होता, आणि त्या मुलाचे आईवडील कुठेतरी त्याच इमारतीत बसले असणार. खेळावर बोला, डावपेचांवर बोला. पोरांना सोडा.

---

निळ्या_गवतातला | ५ डिसेंबर २०२२

वहिनी, शंभर टक्के. आमच्याकडेही तेव्हा एका मुलाला फार छळलं लोकांनी. नंतर सगळ्यांना लाज वाटली.

---

दादर_ते_डर्बी | ११ डिसेंबर २०२२

काल टॅलहॅसीत फ्लोरिडा स्टेट ७५-५३. त्यांचाही हंगाम रडतखडतच चाललेला, म्हणून या सामन्यावर सगळ्यांची भिस्त होती. ०-९.

पण काल संध्याकाळी आम्ही मायलेक घरी बसलो नाही. आपल्या मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना होता, ऑरेगॉनविरुद्ध, पाच सेटपर्यंत गेला. जिंकून सलग दुसऱ्या वर्षी देशातल्या शेवटच्या चारांत गेल्या! घसा बसलाय माझा. शेवटच्या सेटमध्ये एकेका बॉलसाठी त्या ज्या जमिनीवर झेपावत होत्या ते बघून मुलगा म्हणाला, "हेच पाहिजे होतं." कोच जेफ वॉल्झच्या मुली एप्रिलमध्ये बास्केटबॉलच्या फायनल फोरला होत्या. फुटबॉलचा कोच म्हणून याच आठवड्यात जेफ ब्रॉम घरी परतला. याच कॉलेजात, याच पैशात, याच गावात बाकी सगळं उभं आहे. म्हणजे पुरुषांच्या बास्केटबॉलचं जे झालंय ते अटळ नव्हतं. मला यातून आशाही वाटते आणि रागही येतो.

---

नागपाडा_गार्ड | ११ डिसेंबर २०२२

पेनना आत्ताच काढा, असं बरेच जण म्हणू लागलेत. मी टीका पहिल्या दिवसापासून करतोय, तरी मला ते पटत नाही. डिसेंबरमध्ये कोच काढून पॉइंट गार्ड उगवत नाही. सहा वर्षांत पाचवा माणूस आहे हा. आणखी एक बदलला तर जी पोरं राहिलीत तीही पोर्टलमधून (खेळाडूंची कॉलेज बदलण्याची सोय) निघून जातील.

पण मला मार्चपर्यंत एक गोष्ट दिसायला हवी: पास दिल्यावर पोरं पळतायत. विजय किती ते मी मोजणार नाही. एप्रिलमध्ये पोर्टलमधून दोन खरे गार्ड आले नाहीत, तर मात्र पुढच्या वर्षी मी हेच बोलणार नाही.

---

ओहायोकाठ | १५ डिसेंबर २०२२

९४-८३! वेस्टर्न केंटकीला हरवलं!

रात्रीचा एक वाजलाय, पण लिहितो. बुधवारची रात्र, उद्या शाळा, बायको म्हणाली नेऊ नकोस लेकीला. लेक बूट घालून दारात उभी. नेलं.

नागपाडा_गार्ड, तू पाहिलंस का? पळत होते रे! एलिसनं गुण तर केलेच, पण बॉल सोडला, वेळेवर सोडला, आणि ज्याला मिळाला त्यानं थांबून विचार न करता पुढे दिला. चौऱ्याण्णव गुण. माउईत दोन सामने मिळूनही इतके झाले नव्हते, टेक्सस टेक आणि आर्कान्सॉ जोडून बघा.

शेवटची दोन मिनिटं कुणी बसलंच नाही. गर्दी थोडी होती, पण जी होती ती पंधरा मिनिटं आधीपासून उभी होती. घड्याळ शून्यावर आलं तेव्हा लेकीनं मला विचारलं, "बाबा, पंच टीव्ही बघायला जाणार नाहीत ना?" नाही गं, म्हटलं, आज नाही.

आणि त्या आजीबाई. महिनाभर त्यांची खुर्ची रिकामी दिसली की मनात काहीबाही यायचं. आज आल्या होत्या. लाल स्वेटर, हातात काठी. लेकीला पाहिल्याबरोबर हात पसरले. मी पहिल्यांदाच नीट बोललो त्यांच्याशी. १९८०पासून त्यांच्याकडे हंगामाचं तिकीट आहे. आधी नवऱ्याबरोबर यायच्या, आता एकट्या येतात. महिनाभर गुडघा दुखत होता म्हणून घरी होत्या, सामना मात्र एकही चुकवला नव्हता, रेडिओवर सगळे ऐकले.

१-९ आहोत. ३१ तारखेला रप एरिनाला केंटकीसमोर काय होणार ते मला दिसतंय. शनिवारी घरी फ्लोरिडा ए अँड एमविरुद्ध सामना आहे. ऑफिसातल्या एकानं हंगाम सोडून दिला म्हणून त्याची दोन तिकिटं माझ्याकडे आलीत, आमच्याच रांगेत. ताई, मुलाला घेऊन येता का?

---

दादर_ते_डर्बी | १५ डिसेंबर २०२२

येतो. तिळाच्या वड्या आणते, आजीबाईंना चालतील का विचारून ठेवा.